अक्षरं नसलेला बोर्ड

मित्रांनो, मूल गावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक कौलारू घर आहे. त्या घराच्या ओसरीत भिंतीला टेकून मी उभा असतो. चार फूट लांब, तीन फूट उंच, सागवानी चौकटीत ठोकलेला एक जुना पत्रा. माझ्यावर रंग पुष्कळ आहे, पण अक्षर एकही नाही. येणारा-जाणारा मला पाहतो आणि विचारतो, "हे काय होय?" त्याचं उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला सगळी हकिकतच सांगतो.

मला बोर्ड केलं ते जलालुद्दीन पेंटर यांनी. त्यांनी आधी मला काचपेपरनं घासलं, मग तांबड्या ऑक्साइडचा एक हात दिला, त्यावर पांढरा. दोरीला खडू लावून ती ताणून सोडली आणि माझ्या अंगावर सरळ रेघा उमटवल्या. त्या रेघांवर त्यांनी लाल रंगात लिहिलं, 'भैयाजी राईस मिल. धान भरडून मिळेल.' त्यांच्या शेजारी त्यांची आठ वर्षांची लेक इकरा डबे धरून उभी होती. अक्षरांच्या कडेला पिवळी सावली द्यायची होती. पिवळ्यात पांढरा किती घालायचा, हे ती ठरवायची. अब्बा म्हणत, "बस झाला." ती आणखी एक थेंब टाकायची आणि वर पाहून हसायची. अब्बा तिला अडवत नसत, कारण तो थेंब टाकल्यावर रंग खरोखरच उजळायचा.

त्यानंतर बारा वर्षं मी गिरणीच्या फाटकावर होतो. ते माझे कामाचे दिवस. कार्तिकात धान कापून झालं की ट्रॅक्टरांची रांग लागायची. कोंड्याची धूळ उडायची आणि माझ्या अक्षरांवर बसायची. सावली गावचे शेतकरी, चामोर्शीकडचे शेतकरी माझ्याखाली बिडी ओढत आपल्या नंबराची वाट पाहायचे. शाळेत जाणारी मुलं माझ्याकडे पाहून 'धान'मधला 'ध' गिरवायची. गिरणीचे मालक भैयाजी आल्यागेल्याला सांगायचे, "असा हात चंद्रपुरातबी कोणाले नाई." मला मोठा अभिमान वाटायचा.

दर वर्षी हंगामाच्या आधी जलालभाऊ शिडी घेऊन यायचे आणि माझी फिकी पडलेली अक्षरं पुन्हा भरायचे. खाली इकरा डबे घेऊन उभी असायची, दर वर्षी थोडी उंच झालेली. सहाव्या वर्षी ते एकटे आले. डबा त्यांनी शिडीला तारेनं बांधला होता. भैयाजींनी पुढे होऊन स्वतः शिडी धरली. साऱ्या मूल गावाला ठाऊक होतं. त्या साली भादव्यात इकराला ताप आला होता आणि तो डोक्यात गेला. चंद्रपूरच्या इस्पितळात ती तीन दिवस होती. तेरा वर्षांची होती. जलालभाऊंनी त्या दिवशी माझी लाल अक्षरं भरली. पिवळ्या सावलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मग फ्लेक्सचे दिवस आले. रात्रीतून छापून मिळणारा, रंगीत, फोटोसकट. भैयाजींनी माझ्या जागी तो लावला. मला त्यांनी भंगारात टाकलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी मला सायकलरिक्षात घालून जलालभाऊंकडे परत पाठवलं. जलालभाऊंचा थोरला मुलगा वाजिद तेव्हा वरोऱ्याला फ्लेक्सच्याच दुकानात कामाला लागला होता. लहानपणी त्यानंही ब्रश धरला होता, हातही बरा होता. पण ज्या कामात पोट भरत नाही त्यात तो का राहील? जलालभाऊ त्याच्यावर कधी रागावले नाहीत. त्यांनी मला ओसरीत ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. असा मी पुष्कळ दिवस भिंतीकडे पाहत होतो. मला वाटलं, आपली गोष्ट इथेच संपली.

मित्रांनो, ती संपली नव्हती. त्या घरात आबिदाबी होत्या, इकराची आई. त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी त्या भाजीत मीठ दोनदा घालू लागल्या. मग घराची वाट चुकू लागल्या. मग एक दिवस असरची अजान झाली, दुपार कलली, शाळा सुटायची वेळ झाली, आणि त्यांनी भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "इकरा आली नाई काऊन अजून?"

भिंतीकडे तोंड असूनही मला कळलं की घरात सगळं एकदम थांबलं आहे. जलालभाऊ हळूच म्हणाले, "आबिदा, इकरा नाई आता. तिले जाऊन नऊ वर्षं झाले."

आबिदाबींनी ते पहिल्यांदाच ऐकलं, असं समजा. पिठाचा हात तोंडावर घेऊन त्या जमिनीवर बसल्या. रडणं असं होतं की गल्लीतल्या बाया धावत आल्या. संध्याकाळी त्या शांत झाल्या. दुसऱ्या दिवशी असरची अजान झाली आणि त्यांनी दाराकडे पाहत विचारलं, "इकरा आली नाई काऊन?"

जलालभाऊ नमाजी माणूस. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. पण खरं सांगितलं की बाईला दर दिवशी लेकीची मौत नव्यानं सोसावी लागे. दोन महिने त्यांनी खरं सांगितलं. मग त्यांची जीभ वळेना. ते त्या वेळी घराबाहेर जाऊन बसू लागले. आत आबिदाबी एकट्याच दाराशी उभ्या राहून विचारायच्या, आणि उत्तर द्यायला कुणी नसायचं.

एके सकाळी त्यांनी मला भिंतीकडून वळवलं. माझी अक्षरं घासून काढली. लाल भुकटी ओसरीभर पडली. मला वाटलं, कुणाचं तरी नवं दुकान. पण त्यांनी खडूनं माझ्यावर चौकोन आखले. एका वर्षाचा एक चौकोन, डावीकडून उजवीकडे, कॅलेंडरसारखे. त्यांना वाटत होतं, कोणतं वर्ष कुठे संपलं ते आबिदाला डोळ्यांनी दिसेल, मग तोंडानं सांगावं लागणार नाही. चौकोन रंगवून झाल्यावर त्यांनी आबिदाबींना समोर बसवलं.

आबिदाबींनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कुठून वाचू?"

जलालभाऊंच्या हातात ब्रश तसाच राहिला. त्यांनी आयुष्यभर मराठी बोर्ड लिहिले होते, डावीकडून उजवीकडे. आबिदाबी माहेरी उर्दू शिकल्या होत्या, उजवीकडून डावीकडे. गेलेले दिवस कोणत्या बाजूनं वाचायचे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

ते म्हणाले, "तूच सांग, कुठून."

आबिदाबी उठल्या. त्यांनी आपला तळहात माझ्या बरोबर मधोमध ठेवला. "इथून," त्या म्हणाल्या.

जलालभाऊंनी सगळे चौकोन पुसून टाकले आणि मधून सुरुवात केली.

मित्रांनो, त्यानंतर वर्षभर जे चाललं ते मी गिरणीच्या फाटकावर बारा वर्षांतही पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर माणूस काढत नव्हते, झाड काढत नव्हते, घर काढत नव्हते. ते आबिदाबींना विचारायचे, "आज काय आठवून राह्यलं?" त्या कधी सांगायच्या चामोर्शीचा तलाव, जिथे त्या लहानपणी कपडे धुवायला जायच्या. मग एक हिरवट तपकिरी पसरट जागा माझ्यावर यायची. कधी म्हणायच्या, "सकाळी चहा गोड झालता." तो सकाळचा चहा तलावाला लागूनच बसायचा. मध्ये पंचेचाळीस वर्षं होती, पण आबिदाबींना ती दिसत नव्हती, म्हणून जलालभाऊही ती काढत नव्हते.

इकराचे इस्पितळातले तीन दिवस ते एकट्यानं रंगवत होते, आबिदाबी झोपल्या असताना. निळा, त्यात काळा, त्यावर पुन्हा निळा. त्या तीन दिवसांना माझी जवळजवळ अर्धी उजवी बाजू लागली. नंतरची नऊ वर्षं त्यांनी एका बोटाएवढ्या राखाडी पट्टीत संपवली. ती काढून झाल्यावर ते मागे सरकले आणि स्वतःशीच म्हणाले, "एवढेच होते."

आणि बरोबर मधोमध, जिथे आबिदाबींनी तळहात ठेवला होता, तिथे पिवळा. कितीतरी वर्षांनी त्यांनी पिवळ्याचा डबा उघडला होता. पांढरा घातला, थांबले, आणि आणखी एक थेंब टाकला.

त्या दिवशी असरची अजान झाली. आबिदाबींनी दाराकडे पाहत विचारलं, "इकरा आली नाई काऊन?" जलालभाऊंनी ब्रश खाली ठेवला. त्यांनी आबिदाबींचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणलं. आबिदाबींची नजर माझ्यावर फिरली. तलावावरून, चहावरून, निळ्या-काळ्यावरून. निळ्यापाशी त्यांनी श्वास रोखला आणि नजर काढून घेतली. मग त्यांनी पिवळ्यावर बोट ठेवलं.

"इथी आहे," त्या म्हणाल्या. आणि भाकऱ्या करायला निघून गेल्या.

जलालभाऊ माझ्यासमोर खाली बसले. ते किती रडले हे मी सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

वाजिद सुटीत आला तेव्हा त्यानं हे पाहिलं. त्याला राग आला. "अब्बा, तुमी अम्मीले फसवून राह्यले. इकरा गेली, हे तिले मालूम पाह्यजे."

"मी तिले काई सांगत नाई," जलालभाऊ म्हणाले. "ती पाहते. मी जवळ उभा राह्यतो."

"पण तिले वाटते इकरा आहे."

"बेटा, तुले काय वाटते? ती नाई?"

वाजिदनं आपली पिशवी उचलली. तो इकराला सायकलवर शाळेत सोडायचा. संध्याकाळच्या गाडीनं तो वरोऱ्याला परत गेला आणि नंतर पुष्कळ दिवस त्याचा फोनच आला नाही.

माझ्या आयुष्यात कौतुकाचे दिवसही आले. गावातल्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या उर्वशीबाई एकदा शाळेच्या भिंतीचं काम सांगायला घरी आल्या. माझ्यासमोर त्या अर्धा तास उभ्या राहिल्या. "भाऊ, हे तुम्ही कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

जलालभाऊ लाजले. "शिकलो नाई म्याडम. घड्याळीत सारे तास सारखे राह्यते. माणसाजवळ सारखे नाई राह्यत. एखादा तास बसूनच राह्यते. जसा बसला तसा लावला, एवढंच."

उर्वशीबाईंनी हट्टच धरला. चंद्रपूरला एका सभागृहात आठ दिवसांचं चित्रप्रदर्शन भरणार होतं. जलालभाऊ नको नको म्हणत होते, पण शेवटी हो म्हणाले. मीही मनातून हुरळलो होतो, हे कबूल करतो.

सभागृहात माझ्यावर दिवा लावला होता. चांगल्या कपड्यांतली माणसं समोर येऊन उभी राहायची. एकजण म्हणाला, "हे उलटं तर टांगलं नाही?" दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो घेतला आणि तो नीट आला का तेच पाहत पुढे गेला. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. पण मला आठवण आहे ती गुणाबाईंची. त्या सभागृह झाडायच्या. लोक गेल्यावर त्या झाडू टेकवून माझ्यासमोर थांबल्या. निळ्या-काळ्या भागाकडे पाहत म्हणाल्या, "हे लय लांबलं, माय." मग पदरानं तोंड पुसलं आणि पुढची फरशी झाडायला लागल्या. त्यांचं कोण गेलं होतं, मला ठाऊक नाही.

इकडे घरी काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. असरची अजान झाली की आबिदाबी दाराकडे पाहून विचारायच्या आणि मग ओसरीत यायच्या. तिथे मी नव्हतो. भिंतीवर नुसता चौकोनी पांढरा डाग होता. त्या डागावर त्या बोटं फिरवायच्या. "इकरा कुठी आहे? इथीच होती." पुन्हा पुन्हा तेच. जलालभाऊंना पुन्हा बोलावं लागलं. चार दिवसांत चार वेळा त्या घरात इकरा वारली.

पाचव्या दिवशी सकाळी ते पहिल्या एसटीनं चंद्रपूरला आले. उर्वशीबाई म्हणाल्या, "भाऊ, अजून तीन दिवस आहेत. बाहेरगावचे लोक तुमचं चित्र पाहायला येणार आहेत."

"येऊ द्या म्याडम," ते म्हणाले. "पण हे त्यायच्यासाठी नोयतं काढलं."

त्यांनी मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि एसटीच्या टपावर दोरीनं बांधलं. दुपारी आम्ही घरी पोचलो. आबिदाबींनी चादर काढू लागलेल्या जलालभाऊंना बाजूला सारलं, स्वतःच ती ओढली आणि पिवळ्यावर गाल टेकवला. पत्रा उन्हानं तापलेला होता. त्यांना तो भाजलाच असेल. त्यांनी गाल काढला नाही.

त्यानंतर मी त्या घरातून कुठेही गेलो नाही. चार वर्षं गेली. आता मी चांगला दिसत नाही. ओसरीत दुपारचं ऊन सरळ येतं, त्यानं हिरवा फिका पडला आहे. पावसाळी ओलीनं खालची कड गंजली आहे.

आणि आता ते सांगतो, जे सांगायला मला जड जातं. मागच्या हिवाळ्यात जलालभाऊ शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं लिहीत होते. छातीत कळ आली. ते स्वतःच शिडीवरून उतरले, ब्रश घासलेटात धुतला, भिंतीला पाठ लावून बसले, आणि तसेच गेले. 'ज्ञ' लिहायचा राहिला होता.

वाजिद आणि त्याची बायको शाजिया वरोऱ्याचं बिऱ्हाड मोडून मूलला आले. वाजिदनं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान टाकलं. पण त्याच्याही आधी, बापाला माती दिल्यावर तिसऱ्याच दिवशी, आबिदाबींनी त्याला विचारलं, "तुहे अब्बा आले नाई काऊन अजून?"

वाजिदनं सरळ सांगितलं, "अम्मी, अब्बा गेले. आपण माती देऊन आलो."

त्या रडल्या. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा तशाच रडल्या, तितक्याच. चौथ्या वेळी वाजिद उठला. तो अंगणात गेला आणि पाण्याच्या टाकीला डोकं लावून उभा राहिला. शाजिया त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अब्बांनं हे किती वेळा सोसलं असंन." तो म्हणाला, "मले मालूम नोयतं."

मग तो आत आला. त्यानं आईचा हात धरला आणि तिला माझ्यासमोर आणलं, जसं त्यानं बापाला करताना पाहिलं होतं. "अम्मी, पाह्य. अब्बा कुठी आहेत इथी?"

आबिदाबींनी पाहिलं. तलाव पाहिला. चहा पाहिला. निळं टाळलं. पिवळ्यावर क्षणभर बोट ठेवलं. मग कडांपर्यंत, चारही कोपऱ्यांपर्यंत नजर फिरवली. अगदी खाली वाकून गंजलेली कडसुद्धा पाहिली.

"इथी नाईत," त्या म्हणाल्या.

खरंच नव्हते. मित्रांनो, मी माझं सगळं अंग आठवून पाहिलं. त्या माणसानं माझ्यावर सगळ्यांचे दिवस लावले होते. बायकोचे, लेकीचे. वाजिदच्या सायकलीचीसुद्धा एक तांबडी रेघ आहे. स्वतःसाठी त्यांनी नखाएवढी जागाही घेतली नव्हती.

दुकान सुरू झाल्यावर एक दिवस वाजिदनं बापाची पेटी उघडली. डबे वाळून गेले होते. बाजारातून रंग आणून त्यानं मिसळले आणि कितीतरी वर्षांनी ब्रश हातात घेतला. राखाडी पट्टीच्या शेजारी त्यानं एक मातकट जागा भरली. मग आईला हाक मारली. "हे पाह्य अम्मी, अब्बा."

आबिदाबींनी ती जागा नीट निरखली. "हे ते नाईत," त्या म्हणाल्या. रागानं नाही, चुकलेल्याला समजावतात तसं. वाजिदनं फडकं घासलेटात बुडवून तो रंग पुसून काढला. दुसऱ्या दिवशी दुसरा लावला. तोही पुसला. असं आठवडाभर झालं. ती जागा आता घासून पत्र्यापर्यंत पोचली आहे.

आठव्या दिवशी त्यानं ब्रश घेतला नाही. असरची अजान झाली. आबिदाबी माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुहे अब्बा आले नाई काऊन?"

वाजिद दुकानात जायला निघाला होता, तो थांबला. दुकानाची किल्ली त्याच्या हातात होती. मग तो म्हणाला, "नाई आले, अम्मी. मीबी त्यायचीच वाट पाहून राह्यलो."

आबिदाबींनी त्याच्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. चटईवर थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा तळहातानं झटकली.

"मंग बस," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून पाहू."

वाजिद बसला. किल्ली त्यानं खिशात टाकली. मगरिबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत ती दोघं तशीच बसली होती, आणि आत शाजियानं दिवा लावला. त्या दिवसापासून असरनंतर दुकान तासभर बंद असतं. गिऱ्हाईकं कुरकुरतात, मग थांबतात.

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलं असं वाटत नाही. चौकटीला वाळवी लागली आहे आणि गंज वर चढतो आहे. मला जपा, असं मी म्हणत नाही. पत्र्याचं काय, पत्रे पुष्कळ मिळतात. पण तुमच्याही घरात कुणी असेल, जे एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा विचारतं, ज्याला आजचा वार ठाऊक नसतो, जे गेलेल्या माणसाचं ताट वाढायला सांगतं. त्यांना हसू नका. घाईघाईनं तारीख सांगून गप्प करू नका. ते जिथे उभे आहेत तो दिवस त्यांच्यासाठी अजून सरलेला नाही. शाळेतून आलात की दप्तर ठेवा आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. उत्तर आलं नाही तरी चालेल. त्यांनी पुन्हा विचारलं, तर पुन्हा ऐका.